पहिल्यांदाच घर सांभाळताय? पैसे आणि मेहनत वाचवायला कुठून सुरुवात करायची

नवीन घरात राहायला गेलं की पहिले काही महिने सगळे खर्च अंगावर येतात, त्यात नळ गळायला लागतो, सिंक तुंबतं, कपड्यांना वास यायला लागतो आणि आपण मोबाईलवर टिप्स शोधत बसतो. मीही तेच करायचो. शंभर टिप्स वाचल्या असतील, त्यातल्या निम्म्या चालत नाहीत आणि काही तर चक्क धोकादायक आहेत. इतक्या वर्षांत मला जे खरंच उपयोगी पडलं ते असं की आधी मोजायचं मग खर्च करायचा, आणि आधी भिजवायचं मग घासायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरतं. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, आठवड्याला एक पायरी केलीत तरी खूप झालं.

पायरी १: बंद करायच्या जागा शोधून ठेवा

काहीही विकत घ्यायच्या आधी घरातल्या तीन जागा माहीत करून घ्या. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, विजेचा मेन स्विच कुठे आहे आणि गॅस कुठून बंद होतो. नुसतं बघून ठेवू नका, मेन कॉक एकदा खरंच फिरवून बघा कारण वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो आणि ते कळतं नेमकं पाइप फुटल्यावर, घरभर पाणी झालेलं असताना. जाम असेल तर जोर लावून तोडू नका, प्लंबर दुसऱ्या कुठल्या कामासाठी येईल तेव्हा तेही करून घ्या. एमसीबीच्या बॉक्समधे कुठला स्विच कुठल्या खोलीचा आहे ते एकेक बंद करून बघा आणि चिकटपट्टीवर लिहून लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

घरातल्या सगळ्यांना हे दाखवा, एकट्याला माहीत असून उपयोग नाही.

पायरी २: पाणी कुठे जातंय ते बघा

गळका नळ सगळ्यांना दिसतो पण त्याने किती पाणी जातं ते कोणी मोजत नाही म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. मोजायला सोपं आहे, नळाखाली कप ठेवा, १५ मिनिटांनी किती पाणी जमलं ते मापाच्या भांड्यात बघा आणि त्याला ९६ ने गुणा, म्हणजे दिवसभराचं कळलं. १०० मिली जमलं असेल तर दिवसाला ९.६ लिटर आणि वर्षाला साडेतीन हजार लिटर. हा आकडा एकदा समोर आला की माणूस त्याच दिवशी पाना शोधतो.

फ्लशच्या टाकीची गळती मात्र दिसत नाही, कारण पाणी आतल्या आत भांड्यात सरकत राहतं. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि १५ मिनिटं कोणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यातलं पाणी रंगीत झालं की समजायचं आतलं रबर खराब झालंय. ते रबर बहुतेक टाक्यांमधे वेगळं मिळतं, पूर्ण टाकी बदलायची गरज नसते, त्यामुळे कोणी थेट नवीन टाकीच सांगितली तर आधी हे विचारा.

आणि संपूर्ण घराची एकच टेस्ट करायची असेल तर रात्री सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा, दोन तास पाणी वापरू नका आणि परत बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय.

आता नळाचं वायसर कसं बदलायचं ते जरा नीट सांगतो, कारण हे एक काम जमलं की बाकीच्या कामांची भीती जाते. नळ तीन-चार वेळा फिरवून बंद करावा लागत असेल तर तो जुन्या पद्धतीचा वायसरवाला नळ, पाव फेरीत बंद होत असेल तर त्याच्या आत सिरॅमिकचं स्पिंडल असतं आणि ते आख्खंच बदलावं लागतं. वायसरवाल्यासाठी मेन कॉक बंद करा, मग तोच नळ उघडून पाइपमधलं उरलेलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, हे विसरायचं नाही, कारण मुठीचा स्क्रू इतका छोटा असतो की हातातून सुटला की थेट आत जातो. मुठीचा स्क्रू काढा, मूठ उचला, खालचा षटकोनी भाग पान्याने सैल करून वर काढा. त्याच्या टोकाला काळी रबरी चकती दिसेल, बहुतेक वेळा तिच्यावर गोल खाच पडलेली असते, पाणी तिथूनच निसटतं. ती जुनी चकती खिशात घालून दुकानात जा आणि तिच्याच मापाची घ्या, अंदाजाने आणलेली बसत नाही. प्रत्येक भाग काढताना मोबाईलवर एक फोटो काढत गेलात तर परत बसवताना गोंधळ होत नाही. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला होता, आता दहा मिनिटं लागतात.

पायरी ३: विजेचा हिशोब

एक साधं गणित पाठ करा, वॅट गुणिले तास भागिले १०००, आलेलं उत्तर म्हणजे युनिट. उपकरणाच्या मागे किंवा खाली वॅट लिहिलेले असतात. हे गणित हातात आलं की कुठल्या टिपमधे दम आहे आणि कुठल्या नाही ते तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

उदाहरणार्थ मोबाईलचा चार्जर काढून ठेवा असं सगळे सांगतात. फोन न लावता नुसता बोर्डात राहिलेला चार्जर अर्धा वॅट खातो असं धरलं, आणि आजचे चार्जर त्याहूनही कमीच घेतात, तरी वर्षभरात साडेचार युनिटच्या आतच होतात. दोन हजार वॅटचा गीझर तेवढे सव्वादोन तासांत घेतो. म्हणजे चार्जर जरूर काढा पण लक्ष गीझरकडे द्या. जे जे तापवतं ते सगळ्यात जास्त खातं, गीझर, हीटर, इस्त्री, ओव्हन, कपड्यांचा ड्रायर, हे कायम डोक्यात ठेवा.

गीझरचं अजून थोडं. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं आणि दोन हजार वॅटचा गीझर हे पंधरा-वीस मिनिटांत करतो. त्यामुळे तासभर आधी लावून ठेवण्यात काही अर्थ नाही, तापलेलं पाणी तिथेच उभं राहून गार होतं आणि गीझर परत परत चालू होत राहतो. घरात चार जण असतील तर एकामागून एक आंघोळी उरकल्या तर फरक पडतो.

दिव्यांचं तर कोणी वाद घालू नये. जुना ६० वॅटचा बल्ब जेवढा उजेड देतो तेवढा साधारण ९ वॅटचा एलईडी देतो. रोज पाच तास धरले तर वर्षाला एकाचे ११० युनिट होतात आणि दुसऱ्याचे १६. जुना उडायची वाट बघू नका, जिथे दिवा सगळ्यात जास्त वेळ चालू असतो तिथला आधी बदला, अडगळीच्या खोलीतला राहिला तरी चालेल. एक मात्र बघा, विकत घेताना वॅटपेक्षा ल्युमेन वाचा, उजेड तिथे लिहिलेला असतो, साध्या खोलीच्या बल्बला ८०० च्या आसपास असतात.

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, स्पीकर यांचा रिमोटने बंद केल्यावरचा खर्च खरा आहे. सगळं मिळून १० वॅट जरी जात असतील तरी वर्षाला ८७ युनिट. ही सगळी मंडळी एका एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि झोपताना एक बटण बंद करा. पण गीझर, हीटर, इस्त्री असल्या बोर्डावर कधीही लावायचं नाही, वायर तापते आणि आग लागते, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय.

पायरी ४: फ्रिज

फ्रिज चोवीस तास चालू असतो आणि आपण त्याच्याकडे बघतच नाही. आत ४ अंश आणि फ्रीझरमधे उणे १८ अंश पुरे. डायलवर लिहिलेले १ ते ५ किंवा ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत, ते फक्त कमी-जास्त दाखवतात. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा, तो खरा आकडा.

मग दाराचं रबर. एक कागद घ्या, दाराच्या कडेला अर्धा आत अर्धा बाहेर धरून दार लावा आणि कागद ओढा. अडकून बसला तर रबर ठीक, सरकन निघाला तर तिथून गारवा बाहेर जातोय. चारही बाजूंनी करा, विशेषतः बिजागरीच्या बाजूला खालचा कोपरा, तिथे बहुतेक वेळा गडबड असते. पण लगेच रबर बदलू नका. आधी साबणाच्या कोमट पाण्याने घड्यांमधली घाण पुसा, चिकट थर बसला की रबर नीट चिकटत नाही. तरी नाही जमलं तर हेअर ड्रायरने लांबून थोडं गरम करून बोटांनी आकार सरळ करा. आमचं रबर असंच सरळ झालं आणि अजून टिकून आहे.

मागे भिंतीपासून थोडी जागा सोडा, आणि जाळी बाहेर असेल तर सहा महिन्यांनी प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडा. फ्रीझरमधे बर्फ चढला असेल तर सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून टोचू नका, आतली गॅसची नळी फुटली की फ्रिजच गेला. बंद करून दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा आणि खाली जुना टॉवेल अंथरा, वितळेल आपोआप.

अन्न वाया जाणं हा सगळ्यात मोठा आणि न दिसणारा खर्च. यावर मला एकच उपाय लागू पडला. डोळ्यांच्या उंचीवरचा एक कप्पा "आधी हे संपवा" म्हणून ठेवायचा, उरलेलं आणि तारीख जवळ आलेलं सगळं तिथे. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमधे जायला हवं, मोठ्या पातेल्यात लवकर गार होत नाही म्हणून पसरट डब्यांमधे काढा. आणि पाकिटावर "या तारखेआधी उत्तम" लिहिलेलं असेल तर ती चवीची तारीख असते, "या तारखेपर्यंत वापरा" असेल तर ती सुरक्षिततेची, त्यात तडजोड नको.

पायरी ५: घासायच्या आधी थांबा

मेहनत सगळ्यात जास्त इथे वाचते. पातेलं करपलं की आपण लगेच तारेची घासणी घेऊन तुटून पडतो. त्यापेक्षा करपलेला भाग बुडेल एवढं पाणी घाला, भांड्याच्या साबणाचे काही थेंब टाका, मंद आचेवर पाच-दहा मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करा आणि तसंच सोडून द्या. दोन तासांनी लाकडी उलथन्याने हळूच सरकवलं की करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. स्टीलच्या भांड्यात पाण्याबरोबर दोन चमचे खायचा सोडा घातला तर अजून लवकर सुटतो पण अॅल्युमिनियमच्या भांड्यात सोडा घालू नका, ते काळं पडतं.

हाच नियम बाथरूमला, ओट्याला, चिमणीच्या जाळीला. लिक्विड मारलं आणि लगेच पुसलं तर सगळा जोर हाताला लावावा लागतो. फवारा मारा, दहा मिनिटं दुसरं काम करा, मग या. बाटलीवर किती वेळ ठेवायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचतच नाही आपण.

आता एक गोष्ट जी मला कळकळीने सांगायची आहे. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा, फसफसतं, सगळं स्वच्छ होतं, असं जिथे तिथे दाखवतात. फेस छान दिसतो पण एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. दोन्ही उपयोगी आहेत पण वेगवेगळे. पांढरे क्षारांचे डाग असतील तर व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड, तेलकट आणि करपलेलं असेल तर सोडा.

क्षारांसाठी करायचं कसं तर शॉवरच्या तोंडाला व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधून ठेवा, अर्धा-एक तास पुरे, रात्रभर ठेवलं तर चकाकी जाऊ शकते. मग टूथब्रश फिरवा आणि गरम पाणी सोडा. केटलला लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक अॅसिड, उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा स्वच्छ पाणी उकळून टाका. संगमरवराला यातलं काहीही लावू नका, संगमरवर हाच मुळात त्या क्षारांच्या जातीचा दगड आहे, डाग निघण्याऐवजी दगडच खाल्ला जातो.

आणि ब्लीच. ब्लीचमधे कुठलंही आम्ल मिसळलं, टॉयलेट क्लीनर असो की व्हिनेगर, की क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. बंद बाथरूममधे हे जिवावर बेतू शकतं. एका वेळी एकच लिक्विड वापरा, पूर्ण धुऊन काढा, मग लागलं तर दुसरं.

पायरी ६: तुंबलेलं सिंक

आधी तुंबू द्यायचं नाही. सिंकच्या आणि बाथरूमच्या भोकावर बारीक जाळी बसवा, तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, कारण तेल गरम पाण्याबरोबर पातळ होऊन जातं आणि पुढे पाइपमधे गार होऊन थिजतं. तरी तुंबलंच तर पावडर ओतायच्या आधी सिंकच्या खाली बघा, तिथे वाकडा पाइप किंवा बाटलीसारखा भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात आणि बहुतेक कचरा तिथेच असतो. खाली बादली ठेवा, हाताने फिरवून उघडा, घाण काढा, रबरी रिंग जागेवर आहे ना बघून परत लावा. घाणेरडं काम आहे पण दहा मिनिटांचं आहे. त्या भागात थोडं पाणी कायम साठलेलं असतं म्हणून गटाराचा वास घरात येत नाही, त्यामुळे जिथे फारसं पाणी वापरत नाही त्या जाळीत आठवड्यातून एकदा मगभर पाणी ओता, वासाचं निम्मं कारण हेच असतं.

उकळतं पाणी थेट पीव्हीसीच्या पाइपमधे ओतायचं नाही, तो मऊ पडून जोड ढिले होतात. गरम चालेल, उकळतं नको.

पायरी ७: कपडे

आमच्या मशीनमधल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला होता. मी पावडर वाढवली, वास वाढला. अजून वाढवली. मेकॅनिक आला, त्याने रिकामं मशीन गरम पाण्यावर पावडर न टाकता चालवलं आणि काचेतून फेस दाखवला, तो सगळा आधीच्या धुण्यातला न निघालेला साबण होता, त्याच्यावरच बुरशी वाढत होती. तेव्हापासून आधी टाकायचो त्याच्या निम्मी टाकतो, कपडे तेवढेच स्वच्छ निघतात. तुम्हीही एकदा रिकामं मशीन चालवून बघा. धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा, महिन्यातून एकदा खालचा फिल्टर काढून धुवा. कपडे भरल्यावर वर एक हात आडवा मावेल एवढी जागा हवी.

गरम पाण्याचं धुणं रोज नको, मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. टॉवेल, चादरी, आजारी माणसाचे कपडे यांना गरम, बाकी साध्या पाण्यात चालतं.

डागांचं थोडक्यात सांगतो. रक्ताला थंड पाणीच, गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं. तेलाला भांड्याचा लिक्विड साबण, कोरड्या कपड्यावर लावून पंधरा मिनिटं ठेवायचा. बॉलपेनला खाली टिश्यू धरून वरून सॅनिटायझर टिपायचं. चोळायचं कशालाच नाही, बाहेरून आत टिपत जायचं, आणि आधी शिवणीच्या आतल्या बाजूला करून बघायचं. डाग निघाल्याशिवाय इस्त्री नको.

पायरी ८: एक छोटा डबा

मोठा टूल सेट घेऊ नका. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक अॅडजस्टेबल पाना, पक्कड, मेजरिंग टेप, टेफ्लॉन टेप, मेणबत्तीचा तुकडा आणि काडेपेटी, एवढ्यावर घरातली बरीच कामं निघतात. टेफ्लॉन टेप पाइपच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर घट्ट करताना ती सुटत जाते आणि मग नळ परत गळतो. मेणबत्ती अडकणाऱ्या चेनवर आणि ड्रॉवरच्या लाकडी पट्टीवर घासायला. कुलूप जड झालं तर तेल नको, त्याच्यावर धूळ चिकटते, पेन्सिलच्या शिशाची भुकटी किल्लीला लावून दोन-चार वेळा फिरवा.

विजेच्या वायरिंगला आणि गॅसच्या जोडणीला मात्र स्वतः हात लावू नका, तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

काडेपेटी कशाला तर कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू फिरतच राहतो आणि घट्ट होत नाही तेव्हा. मोठा स्क्रू लावून लाकूड फोडण्यापेक्षा स्क्रू काढा, गुल काढून टाकलेल्या दोन-तीन काड्यांना लाकडाचा फेविकॉल लावून त्या भोकात दाबून बसवा, बाहेर आलेला भाग ब्लेडने कापा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी तोच जुना स्क्रू हाताने, मशीनने नाही, हळूहळू फिरवत बसवा, शेवटच्या दोन फेऱ्यांना तो लाकूड धरतोय हे हाताला कळतं, तिथेच थांबा.